इंजिन तापते? पाणी कुठे मुरते ते आधी शोधा



एप्रिल-मे महिन्यांत कोकणातून आंब्याच्या पेट्या भरलेले ट्रक व टेम्पो कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांनी देशावर येतात. भर उन्हात, भरल्या गाडीने, खालच्या गिअरमध्ये केलेली ही चढण म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची कसोटीच असते. बॉनेट उघडून, वाफ सोडत कडेला उभी राहिलेली गाडी घाटात हटकून दिसते.

मी शिकवतो कृषिविद्या. इंजिन हा माझा विषय नव्हे. परंतु पिकवलेला माल वेळेवर बाजारात पोहोचला नाही तर वर्षाची मेहनत वाया जाते, हे आमच्या घरच्या ट्रकने आम्हाला शिकवले. त्या हंगामात रेडिएटरमध्ये रोज अर्धा लिटर पाणी घालावे लागत होते. "उन्हाळा आहे, पाणी उडते," असे म्हणून तीन आठवडे आम्ही पाणी घालत राहिलो. शेवटी घाटात गाडी उकळली. घाबरून तापल्या इंजिनात थंड पाणी ओतले गेले आणि हेडला तडा गेला. पेट्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या गाडीने गेल्या. तोवर खालच्या थरातील फळ मऊ पडले होते. हेडचा खर्च वेगळा आणि मालाचे नुकसान वेगळे.

हे टाळता आले असते. रोज पाणी घालणे हा उपाय नव्हे. ती इंजिनाने केलेली तक्रार आहे.

पाणी उडत का नाही?

डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता चाकाच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली मुख्यतः पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. वॉटर पंप हे पाणी इंजिनातून रेडिएटरकडे ढकलतो, पंखा हवा ओढून ते निववतो आणि थर्मोस्टॅट पाणी किती जाऊ द्यायचे ते ठरवतो.

ही सर्व यंत्रणा बंद असते. रेडिएटरचे झाकण कुकरच्या शिटीसारखे आत दाब धरून ठेवते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. तेच पाणी दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो जादा दाबाखाली सुमारे १११ अंशांना आणि एक किलो जादा दाबाखाली सुमारे १२० अंशांना उकळते. म्हणजे झाकणाचे रबर कुजले की बाकी सर्व ठीक असूनही गाडी लवकर उकळते. महागड्या दुरुस्तीआधी झाकण तपासावे. ते बदलताना त्यावर लिहिलेल्या दाबाचेच घ्यावे.

पहिला प्रश्न : पाणी कमी होते का?

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून जादा पाण्याच्या बाटलीवरील पातळी खुणेने नोंदवावी. तीन-चार दिवस पातळी व किलोमीटर वहीत लिहावेत. पातळी उतरत असेल तर गळती शोधावी. पातळी तीच राहून गाडी तापत असेल तर दोष पाणी फिरण्यात किंवा निवण्यात आहे. या एका नोंदीने निम्मे निदान होते.

बाहेरची गळती

रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरावा. सकाळी ओला डाग जेथे असेल, त्याच्या वरच्या भागात शोध सुरू करावा. गरम भागावर पडलेला थेंब लगेच सुकतो, म्हणून ओलीपेक्षा पांढरे, हिरवट किंवा तांबूस डाग अधिक बोलके असतात. पुढील जागा क्रमाने पाहाव्यात.

१. होज पाईप व क्लिपा : पाईप हाताने दाबून पाहावा. भेगाळलेला, फुगलेला किंवा फार मऊ झालेला पाईप बदलावा.

२. वॉटर पंप : पंपाखाली एक बारीक छिद्र असते. त्यातून धार किंवा थेंब येत असल्यास आतील सील गेले असे समजावे. हे छिद्र कधीही बुजवू नये. सील गेल्याची सूचना देण्यासाठीच ते ठेवलेले असते.

३. रेडिएटर : सांधे, खालची टाकी आणि जाळी जेथे पंख्याजवळ येते ती जागा पाहावी.

४. इंजिन ब्लॉकवरील गोल पत्र्याची बुचे : साध्या पाण्यावर चालवलेल्या जुन्या इंजिनात ही आतून गंजून झिरपतात.

डाग सापडत नसेल तर कारागिराकडून दाबाची चाचणी करून घ्यावी. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरतात. काटा खाली येऊ लागला तर गळती आहे हे नक्की. बाहेर थेंब दिसला तर ती जागा सापडली. दिसला नाही तर पाणी आत जात आहे.

आतली गळती

ही गळती जमिनीवर दिसत नाही आणि इंजिनाचा घात करते. तिची लक्षणे अशी :

• सकाळी थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केले असता रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. हेड गॅस्केट फुटले किंवा हेडला तडा गेला की जळलेला वायू पाण्यात शिरतो.

• इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे.

• ऑईलची पट्टी ओढल्यावर ऑईल दुधाळ चहासारखे दिसते किंवा पातळी वाढलेली आढळते. गॅस्केट, लायनरची रबरी रिंग किंवा ऑईल कूलर यांपैकी एकातून पाणी ऑईलमध्ये जात आहे. असे इंजिन मुळीच चालवू नये. पाणी मिसळलेले ऑईल बेअरिंग वाचवू शकत नाही.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची वाहने आली. त्यांपैकी ज्या इंजिनांत धूर थंड करून पुन्हा आत घेण्यासाठी वेगळा कूलर असतो, तेथे तो कूलर फुटूनही पाणी धुरावाटे निघून जाते. त्यामुळे हेड उघडण्यापूर्वी तोही तपासण्यास सांगावे.

पाणी तेवढेच, तरीही तापते

येथे गाडी केव्हा तापते हे पाहावे. उभी असताना किंवा हळू चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा उतरतो, तेव्हा दोष बहुधा पंख्याकडे असतो. इंजिन बंद करून पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबावा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला तर ताण ठीक समजावा. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते.

याउलट वेगात किंवा चढावर भार पडताच तापते, तेव्हा रेडिएटर तुंबला असण्याचा संभव अधिक. बाहेरून जाळीत भुसा, किडे, धूळ व ऑईलचा थर बसतो. तो इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, हलक्या दाबाच्या पाण्याने काढावा. जोराच्या फवाऱ्याने जाळी वाकते. आतून विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळ्या बुजवतो.

थर्मोस्टॅट अडकला असेल तर काटा चढूनही रेडिएटरचा खालचा पाईप थंड राहतो. थर्मोस्टॅट काढून दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात, तळाला न टेकवता लटकवावा व पाणी तापवावे. बऱ्याच इंजिनांत तो ८० अंशांच्या आसपास उघडू लागतो. त्याच्यावर अंक कोरलेला असतो. दोष आढळल्यास नवा बसवावा. तो कायमचा काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. त्यामुळे इंजिन गार राहते, डिझेल जास्त लागते, झीज वाढते आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला बगल देऊन फिरल्याने ते उलट अधिक तापते.

वाटेत गाडी तापल्यास

काटा चढू लागताच सुरक्षित जागी कडेला थांबावे. पाणी शाबूत असेल आणि पंखा फिरत असेल तर न्यूट्रलमध्ये काही मिनिटे इंजिन चालू ठेवावे. वाफ सुटली असेल, पाणी गेले असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. पाणी संपल्यावर काटा कधीकधी खालीही येतो, कारण मोजणारा भाग पाण्याबाहेर उघडा पडतो. त्यावर विसंबू नये.

गरम झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर व हातावर उसळते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. मग जाड फडके ठेवून झाकण थोडे सैल करावे आणि वाफ पूर्ण गेल्यावरच काढावे. इंजिन पुरेसे निवल्यावर ते मंद चालू ठेवून पाणी थोडे थोडे घालावे. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची जुनी युक्ती फार तर गावापर्यंत पोहोचवते. तीच हळद बारीक नळ्यांतही बसते, म्हणून नंतर रेडिएटर धुऊन घ्यावा.

कूलंटविषयी

कूलंट उकळबिंदू वाढवते आणि गंज रोखते. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी, असे भरावे. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी मिसळू नये. केवळ रंग जुळतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. गुरे, कुत्री व लहान मुले त्याकडे वळतात. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, ओढ्यात वा उकिरड्यावर ओतू नये. बंद डब्यात भरून वर्कशॉपला द्यावे. सांडलेले लगेच माती टाकून उचलावे.

हंगाम सुरू होण्याआधी एक सकाळ या कामाला द्यावी. झाकण, पाईप, पट्टा, पंप, जाळी व ऑईलची पट्टी पाहण्यास तासभर पुरतो. आणि गाडी पाणी मागू लागली, तर पाणी घालण्याबरोबरच ते गेले कोठे हेही त्याच दिवशी शोधावे. आम्ही ते तीन आठवडे विचारले नाही. आपण पहिल्याच दिवशी विचारावे.