जुनी पिकअप घेताय? आधी हिशेब मांडा

ताईंनो, चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा न्यायला गटाची स्वतःची पिकअप असावी असं वाटतंच. जुनी गाडी स्वस्त मिळते, पण खरा खर्च नंतर गॅरेजात होतो. तो गटाच्या बचतीतूनच जातो.

लक्षणं ओळखा
• चढाला इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी ओढत नाही: क्लचप्लेट झिजली.
• गाडी एका बाजूला झुकते: पाटे तपासा. जादा माल भरला की पाटे तुटतात.
• तापमानाचा काटा वर गेला: लगेच थांबा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. तशीच दामटली तर हेड गॅस्केट जातं आणि इंजिन खोलावं लागतं.
• ब्रेक दाबताच घासल्याचा आवाज: लायनर बदला. उशीर केला तर ड्रमही जातो.

हिशेब
समजा, वर्षात दुरुस्तीला ४८,००० रुपये गेले. म्हणजे महिन्याला ४,०००. भाड्यातून डिझेल, चालकाचा पगार, विमा आणि हप्ता वजा केल्यावर एवढे उरतात का? उरत नसतील तर भाड्याची गाडीच परवडते.

घेण्याआधी
आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. आरसीवरचा कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी, थकलेली चलनं बघा. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवा.

घेतल्यानंतर
दुरुस्तीआधी अंदाज लिहून घ्या, बदललेला जुना पार्ट परत मागा, पावती वहीत लावा.

बैठकीत चर्चा करा: मोठं काम निघालं तर पैसे कुठून आणायचे? गाडीसाठी दरमहा किती बाजूला ठेवायचे?