भिंतीवरचा डाग ओळखा

भोर आणि वेल्हे हा मावळचा मुलूख. पावसाळा लागला की तोरणा, राजगड ढगांत बुडतात. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पश्चिमेच्या अंगाला झड लागते, भिंत ओल धरते. मग एखादे दिवशी ट्रंक सरकवावी, तर मागे काळे ठिपके! घरची म्हातारी माणसं म्हणतात, "पावसाळ्यात एवढं चालायचंच." आम्हांला हे पटत नाही.

हे ठिपके बहुधा बुरशीचे असतात. बुरशी जिवंत असते. तिचं बी इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. ते हवेत सगळीकडे असतं. ओल मिळाली की एक-दोन दिवसांतही रुजतं.

पण प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. भिंतीला खालून लोणा फुटतो. तो पांढरा, भुरभुरीत. बुरशीही कधी पांढरी असते. मग ओळखायचं कसं? डागावर पाण्याचे दोन थेंब टाका. लोणा हे मीठच, ते विरघळतं. बुरशी विरघळत नाही. चुलीजवळचा काळा डाग काजळीचा असतो. काजळी सारखी पसरते, बुरशी ठिपक्या-ठिपक्यांनी वाढते. तरी शंका राहिली, तर विहिरीत टाकतात ती टी. सी. एल. पावडर चिमूटभर पाण्यात कालवा. काडीला कापूस गुंडाळून ते पाणी डागाला लावा. दोन-चार मिनिटांत डाग फिका पडला, तर बुरशी समजा. काजळी काळीच राहते. हे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

जिथे डाग दिसत नाही, तिथे नाक कामाला येतं. कुबट वास येतो. पण घरात बसून तो कळत नाही, नाकाला सवय होते. शेतावरून आल्या आल्या वास घ्यावा. भिंतीला टेकलेली भाताची पोती, गोधड्यांची चवड, देवाच्या तसबिरीची मागची बाजू, हे सगळं हलवून पाहावं. स्लॅबच्या घरात बुरशी नसते असं कुणी समजू नये. खिडक्या लावून आत स्वयंपाक केला, ओले कपडे आतच वाळवले, तर तिथेही कोपरे काळे होतात. वरून नुसता रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी ओल कुठून येते ते शोधावं, कौल फुटलं असेल तर ते बदलावं.

घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल, तर जास्त जपावं. घरात खोकला येतो आणि बाहेर गेलं की कमी होतो, असं असेल तर भिंती तपासा आणि डॉक्टरांनाही सांगा.

भिंतीपेक्षा धान्यावरची बुरशी वाईट. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या मेल्या. त्यांच्या खाण्यात बुरशी आलेली भुईमुगाची पेंड होती. 1974 साली आपल्याच देशात, राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात, पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. काविळी झाल्या, पोटं फुगली. शंभराच्या वर माणसं दगावली. तोच मका खाऊन कुत्रीही मेली. हे विष भाजून किंवा शिजवून पुरतं जात नाही.

कुणी म्हणेल, पेनिसिलिनचं औषधही बुरशीचंच ना? खरं आहे. आपल्या पिंपरीला 1954 साली त्याचा सरकारी कारखाना निघाला. पण ती बुरशी वेगळी, आणि औषध शुद्ध करून घेतात. भाकरीवरची बुरशी खाऊन कुणी बरं होत नाही. भाकरीचा हिरवा भाग खरवडूनही उपयोग नाही, बुरशीचे धागे आत गेलेले असतात.

शेंगा फोडताना सुरकुतलेला, काळवंडलेला, हिरवट-पिवळी भुकटी आलेला दाणा बाजूला काढा. चवीला कडू लागला तर लगेच थुंका. असे दाणे कोंबड्यांना किंवा गाईला घालू नका, पुरून टाका. बुरसटलेला पेंढाही गुरांना नको. तो झाडताना उडणारी धूळ छातीत जाते, म्हणून नाका-तोंडाला फडकं बांधूनच त्याला हात लावा.