सहा इंचच का?

मॅसॅच्युसेट्समधलं जुनं, विटांच्या फायरप्लेसचं घर मीनलने नुकतंच घेतलं आहे. फायरप्लेसच्या पोटात लाकडाचा इन्सर्ट, म्हणजे बंद पेटीची शेगडी, बसवायची आहे. श्रीधरकाकांची उभी नोकरी बॉयलरांत गेली, म्हणून तिने त्यांनाच गाठलं.

मीनल : काका, इन्सर्टचं धुराचं तोंड सहा इंचांचं आहे, पण चिमणी ऐसपैस आहे. मग आत लायनर, म्हणजे धूर वर नेणारी नळी, आठ इंचांचाच टाकते ना. धुराला मोकळी वाट!

काका : ती मोकळी वाटच नडते. तुझ्या आजीच्या बंबाची नळी केवढीशी होती, तरी धूर सरळ वर जायचा. धूर गरम असतो म्हणून हलका असतो, आणि तो नळीत गरम राहिला तरच खालून हवा ओढली जाते. सहा इंची नळीचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस इंच, आठ इंचीचं 50. तेवढाच धूर पावणेदोनपट जागेत सोडलास की तो रेंगाळतो आणि वाटेतच निवतो.

मीनल : निवला तर निवला!

काका : साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं नळीला आतून चिकटतात. ते क्रिओसोट. थर साचला आणि एखाद्या दिवशी पेटला, की चिमणीला आग. त्यात हल्लीचे इन्सर्ट बरीचशी उष्णता खोलीतच ठेवतात, वर जाणारा धूर आधीच कमी तापलेला असतो.

मीनल : पण आधीचे मालक लायनरशिवायच लाकडं जाळायचे.

काका : उघड्यावर जाळायचे. उघडी फायरप्लेस खोलीतली हवा भसाभसा ओढते, तिला मोठं धुराडं लागतंच. बंद पेटीला नाही. चिमणीचं आतलं माप किती?

मीनल : मातीच्या नळ्या आहेत. सात बाय अकरा इंच.

काका : म्हणजे 77, तोंडाच्या पावणेतीनपट. इथल्या एनएफपीए 211 या मानकाप्रमाणे चिमणी घराच्या आतून जात असेल तर तीनपटीपर्यंत चालतं. एक जरी बाजू बाहेर उघडी असली तर दोनच पट. तुझी तर बाहेरच्याच भिंतीला आहे, जानेवारीत गारठणारी. म्हणजे लायनर थेट वरच्या टोपीपर्यंत न्यायचा, आणि तो सहा इंची. त्याहून बारीक हवा असेल तर इन्सर्टच्या पुस्तिकेत तशी परवानगी छापलेली दाखव.

मीनल : ठरलं तर मग.

काका : आकडा ठरला, कटकट पुढेच आहे. लायनरभोवती अर्धा इंच सिरॅमिक लोकरीचं आवरण येतं. दोन्ही बाजूंचं धरून झाले सात, वर तारेची जाळी. तुझी वाट आहे सातच इंच रुंद.

मीनल : आवरण नकोच मग.

काका : बाहेरच्या चिमणीत? आवरणामुळे धूर गरम राहतो, शिवाय विटांना टेकलेल्या लाकडी वाशांनाही झळ लागत नाही. ते काढायचं नाही. मातीच्या नळ्या आतून फोडून काढता येतात, नाहीतर लंबगोल लायनर घ्यायचा. पण गोल नळी चेपली की घेर तोच राहतो आणि क्षेत्रफळ घटतं. म्हणून लंबगोल घेताना क्षेत्रफळ विचार, 28 च्या खाली असेल तर नको. फोडकाम धुळीचं आणि खर्चाचं. मी असतो तर तेच केलं असतं.

मीनल : आणि डँपरची, म्हणजे धुराड्याच्या झडपेची, ती लोखंडी चौकट?

काका : अरुंद असते, बहुधा कापावीच लागेल. लायनर गेला की भोवतालची फट पत्र्याने बंद करून घे, नाहीतर खोलीतली ऊब चिमणीत चढेल. नळी 316 प्रतीच्या स्टेनलेसची घे. आणि चिमणीवाल्याला वरून खालपर्यंत, वळणाशीसुद्धा, माप घ्यायला लाव. नुसतं खालून डोकावून कोणी भाव सांगितला तर दुसरा माणूस बघ.