पुष्कराज म्हणून दिलेला सुनेला

वहिनींच्या बोटातला पुष्कराज हा पुष्कराज नव्हताच, हे अंगठी सैल करायला दिली तेव्हा कळलं. आमच्या नेहमीच्या सोनारकाकांनी खडा काढून तळहातावर घेतला आणि म्हणाले, "वहिनी, आकाराच्या मानानं हलका वाटतोय. तपासून घ्या." प्रयोगशाळेचा अहवाल आला : नैसर्गिक क्वार्ट्झ, सिट्रिन. म्हणजे बाजारातला सुनेला. विकणाऱ्याकडे गेलो तर त्यानं बिलावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, 'नैसर्गिक पिवळा खडा'. पैसे मात्र पुष्कराजाचे घेतले होते.

सुनेला वाईट नव्हे. मला तर तो आवडतो. पण निसर्गात पिवळा सापडणारा क्वार्ट्झ दुर्मिळ, आणि तोही बहुधा फिकट, जरा धुरकट. दुकानातला बहुतेक सुनेला मुळात जांभळा ॲमेथिस्ट असतो, ब्राझीलचा वगैरे. तो भट्टीत साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवला की आतल्या लोहामुळे पिवळा-नारिंगी होतो. दगड नैसर्गिक, रंग भट्टीतला! पोकळ दगडातल्या स्फटिकांची टोकं गडद नारिंगी आणि बूड पांढरंफटक दिसलं, तर तोही तापवलेला समजा.

विक्रेते खड्यानं काचेवर ओरखडा काढून दाखवतात. त्याला भुलू नका. काचेची कठीणता साडेपाचच्या आसपास, क्वार्ट्झची ७, पुष्कराजाची ९; ओरखडा दोघंही काढतात. फरक घनतेत आहे. सुनेल्याची २.६५, पुष्कराजाची सुमारे ४. त्यामुळे त्याच आकाराचा पुष्कराज जवळजवळ दीडपट भरतो. अर्थात अंगठीत बसवलेल्या खड्याचं हे मोजता येत नाही, म्हणून तपासणी खडा सुटा असतानाच करावी. सुनेला घेतलाच असेल तर अंगठीला डाग देताना तो आधी काढायला सांगा. ज्योतीच्या आचेनं क्वार्ट्झ तडकतो.

आणि बिलावर 'पिवळा खडा' चालवून घेऊ नका. खनिजाचं नाव, वजन, तापवलेला आहे की नाही, सगळं लिहून मागा. दुकानदार का-कू करू लागला तर पाकीट खिशात ठेवा आणि सरळ बाहेर पडा.