पाणमोट फुटल्यानंतरची मुदत

गर्भ ज्या जलात तरंगत असतो, त्या जलाभोवती दोन पातळ परंतु चिवट आवरणे असतात. आतले उल्ब, बाहेरचे जरायू, आणि आपल्या आयाबाया दोहोंस मिळून पाणमोट म्हणतात. ती शाबूत आहे तोवर योनिमार्गातील जंतूंस वर जाण्यास बहुधा मज्जाव असतो. पण ती फुटून कळांचा पत्ता नसला, तर जसजसे तास उलटतात तसतसा जंतूंचा शिरकाव होऊन आवरणांस सूज येण्याचा आणि गर्भजल दूषित होण्याचा संभव वाढत जातो.

“कालपासून पाणी जातंय, पण पोटात दुखत नव्हतं म्हणून थांबलो,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की ते कानी पडताच जीव कळवळतो. कळा येईतो वाट पाहावी, ही वडीलधाऱ्यांची समजूत मायेपोटीच असते. तथापि मुदत मोजावयाची ती पाणी गेल्यापासून, कळांपासून नव्हे. शिवाय पाणी नेहमी भळकन जाते असेही नाही. कधी ते थेंबथेंब पाझरते आणि गर्भिणी त्यास लघवी समजून संकोचाने गप्प राहते. अशा वेळी स्वच्छ कापडाची घडी घेऊन तिचा रंग व वास पाहावा, घड्याळातील वेळ टिपून ठेवावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. घरी कोणाकडूनही आतून तपासणी करून घेऊ नये. सदतिसावा आठवडा भरण्यापूर्वी पाणी गेले, तर क्षणाचीही हयगय नको.

अंगात 100.4 अंश फॅरनहाइट वा अधिक ताप, नाडीची धडधड, पोटास हात लावताच होणारी वेदना आणि पाण्यास दुर्गंधी, ही आवरणांच्या या सुजेची लक्षणे. बाळाच्या हृदयाचे ठोकेही मिनिटास 160 च्या वर जातात. ती सारी एकाच वेळी दिसतीलच असे नाही. क्वचित पाणमोट न फुटताही आत सूज येते आणि अकाली कळा हीच तिची पहिली वर्दी ठरते. बहुतेकदा हे जंतू निरोगी स्त्रीच्याही शरीरात वस्तीला असणारेच असतात. सबब सुनेच्या अस्वच्छतेवर ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

शिरेतून प्रतिजैविके तात्काळ सुरू करतात, परंतु रोगाचे ठाणे गर्भाशयातच असल्याने प्रसूती लांबविता येत नाही. तेवढ्यावरून सिझेरियनच करावे लागते असे मात्र नव्हे. पेनिसिलिन पूर्वी सोसले नसेल, तर ते डॉक्टरांस आधीच सांगावे. प्रसूतीनंतर आईस पुन्हा ताप आला किंवा बाळ मलूल होऊन अंगावर पिईनासे झाले, तर रात्र असली तरी उजाडण्याची वाट पाहू नये.