द्रवनत्राची खोली आणि प्राणवायू

भंडारा-नागपूर मार्गावरील शहापूर व आसपासच्या गावांतून भातशेतीला दुभत्या जनावरांची जोड असते. गाय माजावर आली की आता वळूच्या शोधात हिंडावे लागत नाही. द्रवनत्र पात्रातून गोठीत रेतमात्रा काढून कृत्रिम रेतन केले जाते. राज्यात या कामाची घडी बसविण्यात पशुसंवर्धन विभागाबरोबरच मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या ‘बायफ’ संस्थेचा मोठा वाटा आहे. ही पात्रे आपल्याच राज्यात, नाशिक येथे, तयार होतात. रेतमात्रा कशा जपाव्यात याविषयी पुष्कळ सांगितले जाते. पात्र ज्या खोलीत ठेवतात, त्या खोलीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

द्रवनत्राचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. ते अंगावर सांडले तर त्वचा भाजल्यासारखी होते, हे हाताळणाऱ्यांस ठाऊक असते. याहून मोठा धोका डोळ्यांस दिसत नाही. एक लिटर द्रवनत्राचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि तो खोलीतील हवेला बाहेर ढकलतो. नत्रवायू विषारी नाही. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत तो ७८ टक्के असतोच. पण त्याचे प्रमाण वाढले की २१ टक्क्यांच्या आसपास असलेला प्राणवायू त्याच मानाने घटतो.

दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच अशी खोली घ्या. तीत सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. तीन लिटरचे पात्र सांडले तर प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या जवळ येतो, आणि हीच सुरक्षिततेची खालची मर्यादा मानली जाते. पस्तीस लिटरचे भरलेले पात्र एकदम रिते झाले तर मात्र साडेचोवीस हजार लिटर वायू होतो. बंद खोलीत प्राणवायू तेव्हा सहा ते दहा टक्क्यांवर उतरू शकतो. इतक्या कमी प्राणवायूत माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. गुदमरल्याची जाणीवही होत नाही, कारण ती जाणीव मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कर्बद्विप्राणिल वायूमुळे होते आणि तो तर उच्छ्वासावाटे बाहेर पडतच असतो.

एरवी सुस्थितीतील पात्रातून रोज जेमतेम पाव लिटर द्रव उडून जातो. हवेशीर खोलीत त्याची चिंता नको. पात्राच्या बाहेरील अंगावर दव वा बर्फ दिसू लागले, तर आतील निर्वात थर निकामी झाला असे समजावे आणि ते पात्र तातडीने उघड्या जागी हलवावे. तोंडाचे बूच सैल असते ते मुद्दामच. ते घट्ट बसविल्यास आतील दाबाने पात्र फुटू शकते.

विदर्भातील उन्हाळा येथे एक वेगळाच प्रश्न उभा करतो. दारे-खिडक्या लावून बसण्याची आपली सवय! वातानुकूलन यंत्र आतलीच हवा फिरविते, म्हणून त्याचा येथे उपयोग नाही. कूलर बाहेरची हवा आत आणतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. हवा बाहेर काढणारा पंखा बहुधा छताजवळ बसवितात. थंड नत्रवायू जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे एक झरोका वा पंखा खालच्या बाजूस हवाच, आणि तो शेजारच्या खोलीत वा खड्ड्यात उघडणारा नसावा. तळघर किंवा मागची कोंदट कोठी या कामी निवडूच नये. मोठा साठा असेल तेथे प्राणवायूमापक बसवून त्याचा आकडा दाराबाहेर दिसेल अशी व्यवस्था करावी. पात्र जीपमधून नेताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात गेन्सव्हिल येथील कुक्कुटमांस कारखान्यात २८ जानेवारी २०२१ रोजी द्रवनत्राची गळती होऊन सहा कामगार दगावले. काय झाले ते पाहण्यास व सहकाऱ्यांना वाचविण्यास अनेक जण आत धावले होते. आत कोणी पडलेला दिसला की धावून जाणे हा माणसाचा स्वभाव आहे; येथे तोच घातक ठरतो. तोंडावर ओला रुमाल बांधल्याने किंवा साधा मुखवटा लावल्याने प्राणवायू मिळत नाही. दार सताड उघडावे, बाहेरूनच खिडक्या उघडाव्यात, १०८ व अग्निशमन दलास कळवावे. आत जाणाऱ्याजवळ स्वतःच्या श्वासासाठी हवेचे नळकांडे असले पाहिजे.