लहान जीव, लहान माप

बेटा, बँटमची जोडी आणलीस, बरं केलंस. एकच गोष्ट गाठीला बांध. वाढ पुरी झाली तरी ही पाखरं अर्धा ते एक किलोच भरतात, त्यांना गावरान कोंबडीचं माप लावायचं नाही. बाकी सगळं यातच आलं.

खुराड्याला तुराट्यांची ताटी पुरत नाही, मुंगूस फटीतून शिरतं. अर्धा इंची लोखंडी जाळी लाव, खाली वीतभर जमिनीत पूर. वरूनही झाक, घार आणि शिक्रा पिल्लं सहज उचलून नेतात. हलक्या अंगाची बँटम चांगली उडते. आपल्या जाम गावच्या चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद आणि चंद्रपूरकडच्या गाड्यांचा राबता रात्रंदिवस असतो, म्हणून एकाच पंखाची लांब पिसं कातर. देठात रक्त दिसणारं नवं पीस मात्र कापू नकोस.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून उभी दिसली की समज, उकाडा सोसवेना. सावलीत घे, पाय गार पाण्यात बुडव, बर्फाचं पाणी अंगावर ओतू नकोस. दाणा पहाटे आणि सांजेला टाक, भर दुपारी नको. नवतपात माठातलं पाणी दिवसातून तीनदा बदल, जाळीवर ओली पोती टाक.

पावसाळ्यात आपली काळी माती वैरीण होते. पायांवर पिसं असलेल्या जातीच्या बोटांत चिखल अडकतो, वाळला की दगडासारखा घट्ट बसतो. ओढू नकोस, कोमट पाण्यात भिजवून सोडव. सिल्की जातीच्या कोंबडीचं पीस तर पाणी झटकतच नाही. तिला झडीत बाहेर सोडायचं नाही. अंगणात मुरूम टाक, आत कोरडा भुसा ठेव.

ज्वारी भरडून दे, तांदळाची कणी दे, शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव. गाईची सरकीची ढेप यांना नको, तिच्यानं अंड्याचा बलक हिरवट पडतो. पेरणीचं रंग लावलेलं कपाशीचं बियाणं म्हणजे विषच, एक दाणाही अंगणात सांडू देऊ नकोस. फवारणी झालेल्या वावरात पाखरं सोडायची नाहीत.

बँटम खुडूक झाली की तिच्याच मापाची पाच-सात अंडी ठेव. जास्त ठेवलीस तर कडेची थंड पडतात. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं फुटतात. त्यांचं पाणी उथळ झाकणात दे, त्यात खडे टाक, नाहीतर बुडून मरतात.

राणीखेत रोग आला तर अख्खं खुराडं रिकामं करतो. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लशीचा थेंब पडलाच पाहिजे. कुपी शेकड्यांची असते, म्हणून चार घरांनी मिळून आण, बर्फात ठेव, कालवली की दोन तासांत संपव. बाजारातून आणलेलं नवं पाखरू पंधरा दिवस वेगळं ठेव.

आजारी कोंबडी दुखणं लपवते, आणि पिसाऱ्यामुळे ती गुबगुबीतच दिसते. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येकीला हातात घे, छातीचं हाड चाचप. दोन्ही बाजूंचं मांस उतरून हाड धारेसारखं लागलं, तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात ने. एवढ्याशा जिवाला उद्यापर्यंत थांबायची ताकद नसते.